तुझ्याच भल्यासाठी

मेक्सिको सिटीतल्या राष्ट्रीय पॉलिटेक्निक संस्थेने आपल्या विद्यार्थ्यांसाठी एक फूटपट्टी काढली आहे. दिसायला ती कंपासपेटीतल्या पट्टीसारखीच, पण आकड्यांच्या बाजूला वागण्याचे प्रकार छापलेले. नाव ‘व्हिओलेंतोमेत्रो’, म्हणजे हिंसामापक. सुरुवात होते ती मनाला लागेल अशा चेष्टेपासून. मग भावनिक ब्लॅकमेल, थापा, अबोला, मत्सर, सगळ्याचं खापर जोडीदाराच्या माथी फोडणं, चारचौघांत पाणउतारा. आणखी पुढे धमकावणं, ‘इथे जायचं नाही, हे घालायचं नाही’ अशी मनाई, वस्तूंची मोडतोड. ‘गमतीत’ मारलेला फटका येतो तो त्याच्याही पुढे. नंतर ढकलणं, थोबाडीत, लाथ, कोंडून ठेवणं. शेवटच्या टोकाला बलात्कार आणि खून.

या पट्टीच्या पहिल्या एक-तृतीयांश हिश्श्यात कुणी कुणाला बोटही लावत नाही. त्या हिश्श्यातल्या बऱ्याच गोष्टींना सोळा-सतरा वर्षांची मुलं हिंसा म्हणणारच नाहीत. ‘तो माझ्या बाबतीत फार पझेसिव्ह आहे’ हे वाक्य कॉलेजच्या कट्ट्यावर तक्रारीच्या सुरात क्वचित ऐकू येतं, कौतुकाच्या सुरात बऱ्याचदा. मेक्सिकोत २००७ मध्ये १५ ते २४ वयोगटातल्या, प्रेमसंबंधात असलेल्या तरुणांची देशव्यापी पाहणी झाली. तीत शारीरिक मारहाण सांगणारे १५ टक्के होते आणि मानसिक छळ सांगणारे ७६ टक्के. पट्टीचा खालचा भाग इतका लांब का, ते या आकड्यांवरून कळतं.

लग्नाआधीच्या नात्यातली मारहाण हा अभ्यासाचा विषय व्हायला बराच काळ जावा लागला. १९५७ मध्ये क्लिफर्ड कर्कपॅट्रिक आणि यूजीन कॅनिन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी विद्यापीठातल्या मुलींना, सोबत फिरणाऱ्या मुलांनी केलेल्या लैंगिक जबरदस्तीबद्दल विचारलं होतं. पण तो धागा पुढे फारसा कुणी उचलला नाही. नवरा-बायकोतली मारहाण हीच तोवर ‘खासगी बाब’ होती, तिथे मित्र-मैत्रिणीची कोण दखल घेणार! १९८१ मध्ये जेम्स मेकपीस यांनी कॉलेजातल्या मुलामुलींची पाहणी केली, तेव्हा साधारण दर पाचांतल्या एकाला अशा हिंसेचा स्वतःचा अनुभव होता. तरुणपणीचं प्रेम म्हणजे लग्नाआधीचा गोड काळ आणि कटकटी सुरू होतात त्या नंतर, ही समजूत तिथून ढासळायला लागली.

पुढे न्यू हॅम्पशायर विद्यापीठाच्या मरे स्ट्रॉस यांनी एकच प्रश्नावली घेऊन देशोदेशीच्या विद्यार्थ्यांना विचारण्याचा घाट घातला. हे विद्यार्थी शाळकरी नव्हते, कॉलेजातले होते, पण तुलनेसाठी एवढी मोठी सामग्री त्याआधी नव्हती. १६ देशांतल्या ३१ विद्यापीठांचे निकाल २००४ मध्ये आले. मागच्या वर्षभरात जोडीदारावर हात उगारल्याचं कबूल करणाऱ्यांचं प्रमाण सर्वांत कमी असलेल्या विद्यापीठात १७ टक्के होतं, सर्वांत जास्त असलेल्या ठिकाणी ४५ टक्के; मधलं विद्यापीठ घेतलं तर २९. शून्याच्या आसपासचा देश एकही नाही. ‘आमच्याकडे असलं काही नसतं’ हे प्रत्येक समाजाचं आवडतं वाक्य. त्याची वासलात एका तक्त्यात लागली.

याच तक्त्याने एक जुना वादही पुन्हा पुढे आणला. हात उगारल्याचं सांगणाऱ्यांत मुली मुलांच्या बरोबरीने होत्या. स्ट्रॉस यांचं म्हणणं, आकडे आहेत ते असे आहेत, गैरसोयीचे म्हणून लपवायचे कशाला? स्त्रीवादी अभ्यासकांचं म्हणणं, तुमची प्रश्नावली थपडा मोजते, भीती मोजत नाही. रागाच्या भरात मुलीने मारलेली चापट आणि महिनोन्‌महिने दबावात ठेवून मुलाने केलेली मारहाण, दोन्ही तिथे ‘एक वेळा’ म्हणूनच नोंदवल्या जातात. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं. मुलीही मारतात, आणि ‘मुलीने मारलं तर काय बिघडतं’ म्हणून हसण्यावारी नेणं हाही लिंगभेदच. पण कुणाला जास्त इजा होते, कुणाला संध्याकाळी घरी जायची भीती वाटते, कुणाचं शिक्षण सुटतं, असं विचारलं की पारडं मुलींच्या बाजूला झुकतं, आणि चांगलंच झुकतं.

या सगळ्याच्या मुळाशी मुलींबद्दलचा द्वेष असणार, असा आपला सहज अंदाज असतो. १९९६ मध्ये पीटर ग्लिक आणि सुझन फिस्क या दोन मानसशास्त्रज्ञांनी या अंदाजाला धक्का दिला. लिंगभेदाला दोन तोंडं असतात, असं त्यांचं म्हणणं. एक उघड वैराचं: बायका कावेबाज असतात, पुरुषांना मुठीत ठेवायला बघतात, समानतेच्या नावाखाली सवलती उकळतात. दुसरं तोंड गोड: बायका पुरुषांपेक्षा निर्मळ असतात, नाजूक असतात, त्यांना जपलं पाहिजे, बाईशिवाय पुरुष अपुरा. दोघांनी २२ विधानांची एक चाचणी केली, ११ वैराची आणि ११ कौतुकाची. मग इतर देशांतल्या सहकाऱ्यांना घेऊन १९ देशांतल्या १५,००० हून अधिक लोकांना ती दिली.

साधा तर्क असा की जिथे बायकांबद्दल कौतुक जास्त तिथे वैर कमी असेल. निघालं उलटं. ज्या देशांत वैराचे गुण जास्त, तिथे कौतुकाचेही जास्त. दोन्ही जोडीनेच चढतात आणि जोडीनेच उतरतात. शिवाय दोन्ही जिथे जास्त, तिथे शिक्षण, कमाई आणि सत्ता यांत बायकांचा वाटा कमी. वैराची विधानं सगळ्याच देशांतल्या बायकांनी पुरुषांपेक्षा कमी मान्य केली. गोड विधानांच्या बाबतीत मात्र अनेक ठिकाणी त्या पुरुषांच्या बरोबरीला होत्या, आणि क्युबा, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि बोट्‌स्वाना या चार देशांत पुरुषांच्याही पुढे. ग्लिक आणि फिस्क यांनी लावलेला अर्थ मला पटतो. पुरुषांचा राग जिथे जास्त, तिथे पुरुषाचं संरक्षणही जास्त मोलाचं वाटणार. चांगली मुलगी होऊन राहिलात तर देवघरात, नाहीतर चव्हाट्यावर, असा हा सौदा आहे. मखर आणि चाबूक एकाच हातात असतात.

प्रेमात पडलेल्या पोराच्या तोंडी हा सौदा कसा येतो, हे स्पेनमधल्या ग्रानादा विद्यापीठाच्या मंडळींनी बारकाईने पाहिलं आहे. मिगेल मोया आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००७च्या एका प्रयोगात स्त्रियांपुढे एक काल्पनिक प्रसंग ठेवला होता: लांबच्या प्रवासात गाडी तू चालवायची नाहीस, अशी मनाई. ती सहकाऱ्याने केली तर कुणालाच रुचली नाही. नवऱ्याने, ‘तुझ्या काळजीपोटी’ म्हणून केली, तर गोड लिंगभेद मानणाऱ्या स्त्रियांनी ती मान्य केली. मनाई तीच, बाईच्या हातातलं स्टीअरिंग सुटलं तेही तेच, बदलला होता फक्त सांगणारा आणि त्याचं कारण. हे लोण घरातूनच पुढे जातं. स्पेनमधल्याच आणखी एका पाहणीत, ज्या आयांच्या मनात ही गोड समजूत घट्ट होती त्यांच्या वयात आलेल्या मुलींच्या मनातही ती तशीच उतरलेली दिसली, आणि या मुलींची शिक्षणातली उमेदही कमी होती.

किशोरवयीन मुलांबाबत सोलेदाद दे लेमुस, मोया आणि ग्लिक यांनी २०१० मध्ये मांडलेला निष्कर्ष तर विचारात टाकणारा आहे. वेगवेगळ्या जातिधर्मांची माणसं एकमेकांच्या सहवासात आली की पूर्वग्रह विरघळतात, असं सामाजिक मानसशास्त्र सांगत आलं आहे. मग मुलं-मुली प्रेमात पडल्यावर त्यांच्या डोक्यातली लिंगभेदाची जळमटं कमी व्हायला हवीत. तसं आढळलं नाही. प्रेमसंबंधांचा अनुभव असलेल्या मुलांमध्ये ‘मुलींना जपायचं असतं’ ही गोड समजूत जास्त होती, तर अनुभव असलेल्या मुलींमध्ये बायकांबद्दलचीच वैराची समजूत जास्त होती. कोणतं आधी आणि कोणतं नंतर, हे अशा पाहणीतून छातीठोकपणे सांगता येत नाही. पण पहिलं प्रेम ही एक शाळा आहे आणि तिथला अभ्यासक्रम बराचसा जुनाच आहे, एवढं दिसतं.

या शाळेत प्रवेश तर त्याही आधी होतो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी १० ते १४ वर्षांच्या मुलांचा एक मोठा अभ्यास हाती घेतला. शांघाय, दिल्ली, नैरोबी, बाल्टिमोर, बेल्जियममधलं गेंट, इक्वेडोरमधलं क्वेंका, इजिप्तमधलं असिऊत अशा शहरांत मुलांशी आणि त्यांच्या पालकांशी निवांत बोलून घेतलं. २०१७ मध्ये पहिले निष्कर्ष आले. श्रीमंत-गरीब, पूर्व-पश्चिम, धार्मिक-निधर्मी, सगळीकडे एकच गोष्ट सांगितली जात होती: मुलगी नाजूक, तिचं शरीर म्हणजे जोखीम, मुलगा दणकट, त्याने आपलं आपण बघावं. छाती भरायला लागली की मुलीचं जग आक्रसतं, मुलाचं त्याच वयात फैलावतं. काल-परवापर्यंत एकत्र खेळणाऱ्यांना ‘आता मुलांपासून लांब राहा’ असं बजावलं जातं. ज्याच्यापासून लांब राहायचं तो मुलगाही हे ऐकतच असतो. आपण धोकादायक आहोत, आपल्याला आवर घालण्याचं काम मुलीचं आहे, हे त्याला बाराव्या वर्षी कळून चुकतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, कधी ना कधी जोडीदार असलेल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी २४ टक्के मुलींनी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. म्हणजे जवळपास १ कोटी ९० लाख मुली. मागच्या वर्षभरात सोसणाऱ्या १६ टक्के. प्रदेशांनुसार फरक मोठा आहे. पॅसिफिक बेटांच्या ओशिआनियात ४७ टक्के, मध्य युरोपात १०. हे आकडे शेजारी ठेवून संस्कृतीची परीक्षा घेण्याचा मोह होतो, पण जरा थांबायला हवं. ‘जोडीदार’ म्हणजे प्रागमध्ये बहुधा वर्गातला मित्र असतो. बालविवाह चालू असलेल्या देशांत तो नवरा असतो, वयाने बराच मोठा, आणि ती राहते त्याच्याच घरात. प्रागमधल्या मुलीला नातं तोडता येतं. दुसरीला घर सोडावं लागतं, आणि तिला जायला दुसरं घर बऱ्याचदा नसतं. मुलींचं शिक्षण कमी आणि वारशाचे हक्क दुबळे असलेल्या देशांत ही हिंसा जास्त आढळते, असं याच अहवालात म्हटलं आहे.

भारताची गोष्ट या दोन्हींच्या मध्ये अडकलेली आहे. इथे प्रेम आहे, हाताशी मोबाइलही आहे, पण त्याला घरात जागा नाही. मारहाणीचं म्हणाल तर तिला आधीपासूनच मान्यता. युनिसेफच्या २०१२ च्या अहवालात १५ ते १९ वयाच्या भारतीय मुलांपैकी ५७ टक्के आणि मुलींपैकी ५३ टक्के, काही कारण असेल तर नवऱ्याने बायकोला मारणं योग्य मानत होते. नंतर, २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, १५ ते ४९ वयोगटात हेच प्रमाण स्त्रियांमध्ये ४५ आणि पुरुषांमध्ये ४४ टक्के होतं. हे ऐकत वाढलेल्या सतरा वर्षांच्या मुलाने मैत्रिणीच्या फोनचा पासवर्ड मागितला, ती ऑनलाइन असून उत्तर देत नाही म्हणून कॉलेजच्या गेटवर तिचा दंड धरला, तर त्यात काही चुकतंय हे दोघांना कुणी सांगायचं? तिने घरी सांगावं म्हटलं तर पहिला प्रश्न ‘त्याने काय केलं’ हा येत नाही. ‘मुळात तू त्याच्याशी बोलतच का होतीस’ हा येतो. दुसऱ्या दिवसापासून फोन काढून घेतला जातो, कधी कॉलेजच बंद होतं, कधी स्थळं बघायला सुरुवात. म्हणून ती सांगत नाही, आणि ती सांगणार नाही हे त्याला ठाऊक असतं. त्याच्या हातातलं सर्वांत धारदार हत्यार तिच्या घरच्यांनीच घडवलेलं असतं: ‘तुझ्या बाबांना फोटो पाठवू का?’

कायद्याचं दारही जरा विचित्र जागी उघडतं. मुलांवरचे लैंगिक अत्याचार रोखण्यासाठीच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठरा वर्षांखालच्या कुणाशीही लैंगिक संबंध हा गुन्हा ठरला, मग तो दोघांच्या मर्जीने का असेना. बंगळुरूच्या एनफोल्ड संस्थेने आसाम, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगालमधले २०१६ ते २०२० चे ७,०६४ पॉक्सो निकाल वाचून काढले, तेव्हा त्यांतले १,७१५ खटले प्रेमसंबंधांचे निघाले. बहुतेक तक्रारी मुलीच्या घरच्यांच्या होत्या. म्हणजे नात्यातल्या हिंसेसाठी जी पोलीस ठाण्याची पायरी चढत नाही, तिच्या नात्यासाठीच घरचे ती पायरी चढतात.

महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांना दुसराही एक प्रकार चांगला परिचयाचा आहे: एकतर्फी प्रेम. इथे नातं नसतंच, हक्क मात्र असतो. १९९० साली उल्हासनगरात दहावीच्या परीक्षेला बसलेल्या मुलीला केंद्रात घुसून जाळलं गेलं, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला होता. तीस वर्षांनी, फेब्रुवारी २०२० मध्ये, हिंगणघाटला तरुण प्राध्यापिकेच्या बाबतीत तेच झालं. अशा बातम्यांत ‘प्रेम’ हा शब्द अजून छापला जातो, याची मला दर वेळी चीड येते. पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा व्हायला २०१३ उजाडावं लागलं. आता तो भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात आहे. पण पाठलाग करणारा नायक आणि शेवटी विरघळणारी नायिका आपल्याला पडद्यावर कित्येक दशकं आवडत आली आहेत. तिच्या ‘नाही’चा अर्थ ‘अजून थोडा जोर लाव’ असा घ्यायला शिकलेल्या मुलाला खरा नकार मिळतो, तेव्हा कालपर्यंत देवी असलेली मुलगी एका रात्रीत ‘माजलेली’ होते. ग्लिक आणि फिस्क यांच्या दोन तोंडांमधलं अंतर इतकं कमी आहे.

मग शाळेत काय करावं? नुसत्या भाषणांवर माझा फारसा विश्वास नाही, आणि तो नसण्याला पुरावा आहे. न्यूयॉर्कमधल्या ३० शाळांत सहावी-सातवीच्या मुलांवर ‘शिफ्टिंग बाउंडरीज’ नावाचा प्रयोग झाला. काही शाळांत फक्त वर्गात धडे दिले. काहींत इमारतीवर काम केलं: मुलांकडून शाळेचा नकाशा काढून घेतला, कुठे भीती वाटते त्या जागा रंगवायला लावल्या आणि जिन्याखाली, बोळात, कॅन्टीनच्या कोपऱ्यात शिक्षक उभे केले. छळ करणाऱ्याने अमुक अंतर राखायचं, असे लेखी करार शाळेनेच करून घेतले. नुसत्या धड्यांनी काही साधलं नाही. इमारतीवरच्या कामाने हिंसा कमी झाली.

कॅनडातल्या ऑन्टारिओमध्ये शारीरिक शिक्षणाच्या तासाला, मुला-मुलींना वेगवेगळं बसवून, २१ धड्यांचा कार्यक्रम झाला. अडीच वर्षांनी पाहिलं तर नेहमीच्या शाळांतल्या ७.१ टक्के मुलग्यांनी मैत्रिणीवर हात उगारला होता, कार्यक्रम झालेल्या शाळांतल्या २.७ टक्क्यांनी. मुलींमध्ये जवळपास काहीच फरक नव्हता. मुली का मारतात, त्याची कारणं वेगळी असावीत. माझ्या मते या प्रश्नाकडे अजून कुणी नीट वळलेलं नाही.

मुंबईतला प्रयोग आपल्या मातीला जास्त जवळचा. अमेरिकेत शाळांच्या संघांच्या प्रशिक्षकांकरवी मुलांशी बोलायचा एक कार्यक्रम होता. तो इथे ‘परिवर्तन’ या नावाने आला आणि अर्थातच क्रिकेटच्या मैदानावर उतरला. मुंबई शालेय क्रीडा संघटनेचे प्रशिक्षक आणि गोवंडीच्या शिवाजीनगरमधले ‘अपनालय’ संस्थेचे तरुण यांनी नेटच्या सरावाच्या आधी-नंतर मुलांशी बोलायचं. मुलींबद्दल काय बोलतो, कुणी छेड काढत असेल तर आपण हसतो की थांबवतो, असे विषय. बाप सांगेल ते कानाआड करणारं पोरगं कोचचं ऐकतं, कारण अकरा जणांत नाव घालायचं की नाही ते कोच ठरवतो. या मुलांचे विचार बदलले, छेडछाडीला हसून साथ देणं कमी झालं. पुढे त्याच शिवाजीनगरमध्ये मुलींसाठी कबड्डीतून हेच काम झालं, आणि तिथे पहिली झुंज मुलींना मैदानावर यायची परवानगी मिळवण्याची होती.

अशा कामांतलं सर्वांत काटेकोर मोजमाप हरियाणात झालं. सोनीपत, पानिपत, रोहतक आणि झज्जर जिल्ह्यांतल्या ३१४ सरकारी शाळांपैकी निम्म्या शाळांत ‘ब्रेकथ्रू’ संस्थेने सातवी-आठवीपासून अडीच वर्षं, दर तीनेक आठवड्यांनी पाऊण तास, मुलामुलींबरोबर चर्चा घेतल्या. जुनाट मतं असलेल्यांपैकी साधारण सहातल्या एकाचं मत बदललं आणि दोन वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हाही ते टिकून होतं. मुलगे घरकामाला हात लावायला लागले. मुलींची मतं मुलग्यांइतकीच बदलली होती, पण त्यांच्या वागण्यात तेवढा फरक पडला नाही. घराबाहेर किती वाजेपर्यंत राहायचं, कुणाशी बोलायचं, पुढे शिकायचं की नाही, हे ठरवणारी माणसं त्या वर्गात बसलेली नव्हती.